शेक-आहार
शेक-आहार : वजन उतरविण्यासाठी रोजच्या एक-दोन किंवा सर्वच जेवणांऐवजी पूड कालवून केलेले, मोजक्या उष्मांकांचे पेय घेण्याची पद्धती. पुडीत दुधाचे अथवा सोयाबीनचे प्रथिन, शर्करा, तंतू, जीवनसत्त्वे व खनिजे असतात. एका जेवणाऐवजी घ्यावयाच्या पेयातून 200 ते 400 किलोकॅलरी, तर सर्वच जेवणे बदलल्यास दिवसाला 800 ते 1,200 किलोकॅलरी मिळाव्यात, असे ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेचे 1991 चे मानक सांगते.

इतिहास : अमेरिकेत 1959 मध्ये मीड जॉन्सन कंपनीने ‘मेट्रेकल’ आणले; 225 किलोकॅलरींचे चार पेले हा त्याचा दिवसभराचा आहार. 1970 नंतरच्या दशकात निकृष्ट द्रव-प्रथिनावर महिनोन्महिने राहिलेल्या अनेकांचा हृदयाची लय बिघडून मृत्यू झाला. शेक-पूड विकणारी ‘हर्बलाइफ’ ही कंपनी 1999 मध्ये भारतात आली. तिच्या विक्रेत्यांची साखळी व ‘न्यूट्रिशन क्लब’ यांमधून शेकचा डबा महाराष्ट्रात घरोघर पोचला.

परिणाम : ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत (2017) टाइप-2 मधुमेहींना तीन ते पाच महिने सुमारे 850 किलोकॅलरींचा पेय-आहार देऊन नंतर हळूहळू जेवणावर आणले गेले. वर्षअखेर 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. दोन वर्षांनी 36 टक्के. त्या वेळी आटोक्यात असलेल्यांपैकी पाचव्या वर्षी जेमतेम चौथा हिस्सा तसा राहिला. शेकचाही वापर झालेल्या अमेरिकेतील ‘लुक अहेड’ चाचणीत 5,145 मधुमेही होते. तीत वजन घटले, परंतु हृदयविकार व पक्षाघात कमी झाले नाहीत.

धोके : वजन झपाट्याने उतरल्यास पित्ताशयात खडे होऊ शकतात, स्नायूही झिजतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनची मात्रा तीच ठेवल्यास रक्तातील साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर व स्तनदा स्त्रिया, मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी हा आहार परस्पर सुरू करू नये.

वर्धा जिल्ह्यातील संदर्भ : गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत 1935 मध्ये सोयाबीनचे आहार-प्रयोग केले होते. आज हे पीक जिल्ह्यात कपाशी-तुरीच्या जोडीला घेतले जाते. बऱ्याच शेक-पुडींतील प्रथिनही सोयाबीनचेच असते. आंजी (मोठी) येथे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. अशा ग्रामीण परिसरात कुपोषण व स्थूलता शेजारीशेजारी आढळतात. म्हणून एकच डबा सर्वांना लागू पडत नाही. दोन फुलके, वाटीभर तुरीचे वरण व कमी तेलाची पालेभाजी मिळून साधारण 350 ते 400 किलोकॅलरी होतात, म्हणजे एका शेकच्या वरच्या मर्यादेइतक्याच. शेकचे बळ त्याच्या ठरलेल्या मापात आहे. डबा संपल्यावर ताटात तेच माप पाळले नाही, तर उतरलेले वजन परत चढते.