हौशी हात आणि चित्रशाळेचें दार

रोह्यासारख्या गांवीं एखादा तरुण कारकून सायंकाळीं कचेरींतून घरीं येतो, हातपाय धुऊन चहा घेतो आणि रंगांची पेटी उघडतो. कधीं ही पेटी खरोखरीची असते. कधीं ती हातांतल्या काचेच्या पडद्यावर असते आणि त्या पडद्यावर कुंचल्याऐवजीं बोट फिरतें. कुंडलिकेच्या पाण्यावरची संध्याकाळ कशीबशी साधली कीं तो तें चित्र आपल्या स्नेह्यांकडे धाडतो. घटकाभरांत नागपूरचा कोणी ‘छान’ म्हणून कळवितो, बेळगांवची कोणी ‘आकाश जरा भडक झालें’ असें सांगते. पोटाचा उद्योग निराळा, हा छंद निराळा. आणि तरीही आपण काढलेलें चित्र चार लोकांनीं पाहावें ही ओढ केवढी! यंत्र तेवढें नवें आहे, ओढ जुनी आहे. त्या जुन्या ओढीचा थोडा इतिहास आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम रोहा-पेणच्या बाजूचेंच उदाहरण घेऊं. पेणच्या गणेशमूर्ति साऱ्या महाराष्ट्रांत जातात. मूर्तीचे डोळे आंखण्याचें काम तर ज्याचा हात वर्षानुवर्षें घोटला गेला आहे अशा कारागिराखेरीज कोणाच्या हातीं देत नाहींत. ही झाली व्यवसायाची कला. परंतु तीच मूर्ति घरीं आली म्हणजे तिच्या मागची आरास घरच्या माणसांची असते. मखरावर वेलबुट्टी कोणी काढावयाची, मागच्या पडद्यावर कैलास कोणी रंगवावयाचा, हें घरांत ठरलेलें असे. त्या चित्राला किंमत नसे आणि त्याच्या खालीं नांवही नसे. दर्शनास येणारी सारी आळी हाच त्याचा प्रेक्षकवर्ग. देवाला नमस्कार करून झाल्यावर पाहुण्यांची नजर त्या पडद्याकडे वळे, आणि ‘यंदा कैलास चांगला साधला हो’ एवढे शब्द ऐकले कीं रंगविणाऱ्याच्या महिनाभराच्या जागरणाचें चीज होई. मूर्तीचें विसर्जन झालें म्हणजे पडदा घडी होऊन माळ्यावर जाई. आपल्याकडच्या हौशी चित्रकाराचें पहिलें प्रदर्शन हें असें दीड दिवसाचें किंवा पांच दिवसांचें होतें.

‘हौशी’ हा शब्दही मोठा चमत्कारिक आहे. गृहिणीला हौशी म्हटलें तर ती सुखावते. नटाला हौशी म्हटलें तर त्यांत निदान कौतुक असतें. पण चित्रकाराला हौशी म्हटलें कीं त्याचें मन खट्टू होतें. ‘बरें आहे, पण हौशी आहे,’ या वाक्यांतला ‘पण’ त्याला टोंचतो. हा ‘पण’ न्याय्य आहे काय, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

मुंबईंत १८५७ सालीं जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून कलाशाळा सुरू झाली. तीमुळें चित्रकला शिकण्याची सोय झाली. परंतु शिकलेलें लोकांपुढें मांडावयाचें कोठें? त्यासाठीं १८८८ सालीं ‘बाँबे आर्ट सोसायटी’ ही संस्था निघाली. आरंभींच्या काळांत तीमध्यें युरोपीय लोकांचा भरणा होता आणि त्यांत हौशी चितारी पुष्कळ होते. दिवसभर सरकारी काम करावें आणि सुटीच्या दिवशीं जलरंगांत घाट, देवळें, समुद्रकिनारे रंगवावे, असा या मंडळींचा क्रम. त्यांचीं बहुतेक चित्रें आज कोणाच्या स्मरणांत नाहींत. पण त्यांनीं जी भिंत आपल्या हौसेसाठीं उभी केली, तिच्यावर पुढें कोणाचें चित्र लागलें पाहा! कोल्हापुराहून आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधर नांवाच्या तरुणास १८९५ सालीं याच संस्थेचें सुवर्णपदक मिळालें. हौशी माणसानें स्वतःकरितां दार उघडावें आणि त्याच दारानें त्याच्याहून मोठा कलावंत आंत यावा, असें कलेच्या इतिहासांत घडत आलें आहे.

याचें आपल्या महाराष्ट्रांतलें सर्वांत ठळक उदाहरण पाहावयाचें तर कोंकणांतून घाट चढून सातारा जिल्ह्यांतील औंधास जावें लागेल. औंधचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचा जन्म १८६८ सालचा. ते बी. ए. झाले होते आणि १९०९ सालीं संस्थानच्या गादीवर बसले. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून त्यांचें नांव घरोघर गेलें. ते कीर्तनेंही करीत. परंतु त्यांचा जन्मभराचा खरा छंद चित्रकलेचा. राज्यकारभार हा त्यांचा उद्योग आणि चित्र ही त्यांची हौस, असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं. रामकथेवरील आपलीं चित्रें त्यांनीं १९१६ सालीं ग्रंथरूपानें छापून प्रसिद्ध केलीं. राजवाड्याच्या भिंतीवर तीं लावून ते स्वस्थ बसले असते तर त्यांना कोण विचारणार होतें? पण काढलेलें चित्र लोकांच्या हातीं जावें, ही ओढ राजालाही सुटत नाहीं.

पुढें १९१८ सालीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढावी यासाठीं त्यांनीं एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. १९१९ च्या एप्रिलमध्यें कामास आरंभ झाला, १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले आणि १९६६ सालीं तें प्रचंड कार्य पुरें झालें. या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर संपादकांबरोबर चित्रकार म्हणून बाळासाहेबांचें नांव आहे. आणि चित्रें प्राचीन नमुन्यांवरून काढलीं आहेत, असेंही तेथें नमूद आहे. हे चार शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. जेथें पंडित एकेका अक्षरासाठीं शेंकडों पोथ्या पडताळून पाहत होते, तेथें चित्रें काढणाऱ्यानेंही मनाला येईल तो मुकुट आणि आवडेल तें वस्त्र काढून भागणार नव्हतें. जुन्या नमुन्यांचा आधार शोधावयास हवा होता. हौस होती, पण ती बेफिकीर नव्हती. १९३२ सालीं त्यांनीं अजिंठ्यावर पुस्तक लिहिलें, त्यामागेंही हीच शोधक वृत्ति दिसते.

आणि मग १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर त्यांनीं आपलें संग्रहालय उघडलें. तेथें राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, पहाडी शैलीचीं लघुचित्रें आहेत. इंग्लंडच्या हेन्री मूर यानें घडविलेलें माता आणि मूल यांचें शिल्प आहे. स्पष्टच बोलावयाचें तर बाळासाहेबांच्या स्वतःच्या चित्रांना रविवर्म्याची सफाई नाहीं आणि धुरंधरांची रेषाही नाहीं. असा संग्रह उभारणाऱ्या माणसास तें कळत नव्हतें, असें मानतां येत नाहीं. तरीसुद्धां त्यांनीं आपल्या हातून कुंचला टाकला नाहीं आणि आपल्याहून श्रेष्ठ हातांना आपल्या छपराखालीं जागा द्यावयासही ते कचरले नाहींत. मला यांतच त्यांचें मोठेपण दिसतें. जो स्वतः कधीं रंगाशीं झगडला आहे, त्यालाच दुसऱ्याच्या चित्रांतली सफाई किती कष्टाची आहे हें कळतें.

कोणी म्हणेल, हें राजाला शोभतें; रोह्याच्या कारकुनानें काय करावें? आक्षेप रास्त आहे. पण राजेपण किती दिवस टिकलें, हेंही पाहिलें पाहिजे. १९३९ सालीं बाळासाहेबांनीं नवी राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हातीं सोंपविली. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. १९५१ सालीं ते स्वतःही गेले. गादी राहिली नाहीं, पण डोंगरावरची चित्रशाळा राहिली, आणि ती आज सर्वांना उघडी आहे. त्यांच्या राजेपणाहून त्यांची हौस अधिक टिकाऊ ठरली!

कारकुनाजवळ डोंगर नाहीं, लाख रुपये नाहींत. पण त्याच्या हातांतल्या पडद्यावर आज शेंकडों माणसांचीं चित्रें येऊन उतरतात. त्याची चित्रशाळा तीच. ‘माझें चित्र पाहा’ एवढेंच म्हणून तो थांबला तर ती चित्रशाळा नव्हे, नुसता आरसा होईल. पण दुसऱ्याचें चित्र तो सावकाश पाहील, आवडलें तें का आवडलें हें सांगेल, आपल्याहून बरा हात दिसला तर तो चार स्नेह्यांना दाखवील, तर औंधच्या डोंगरावर जें झालें त्याचाच लहानसा अंश रोह्याच्या घरांतही होईल. ‘बरें आहे, पण हौशी आहे’ असें यापुढें कोणी म्हटलें, तर त्यानें खट्टू होऊं नये. चित्रशाळेचें दार आजवर पुष्कळदां हौशी हातांनींच उघडलें आहे, हें त्यानें ध्यानीं ठेवावें.

आणि येत्या गणेशचतुर्थीस आपण कोणाच्या घरीं दर्शनास गेलां, तर श्रोतेहो, मूर्तीला नमस्कार करून झाल्यावर मागच्या पडद्याकडेही क्षणभर पाहा, आणि तो कोणीं रंगविला हें आवर्जून विचारा. इतकी विनंती करून मी आपली रजा घेतों.