न्याहारीची पंगत आणि पाहुण्याचा शब्द

पंगत ही साधी गोष्ट नव्हे. कोण वाढतो, कोण बसतो आणि कोण उंबऱ्याबाहेर उभा राहतो, यावरून गावाची घडण कळते. हे आपल्या लोकांना निराळे सांगावयास नको. आज ज्या पंगतीविषयी आम्ही बोलणार आहोत ती मात्र अमेरिकेतली, ख्रिस्ती भाविकांची आणि सकाळच्या न्याहारीची आहे. कामावर जाण्यापूर्वी काही मंडळी एकत्र जमतात, बायबलातला उतारा वाचतात, प्रार्थना करतात आणि एखाद्या पाहुण्याला चार शब्द बोलावयास बोलावतात. तिकडे गावोगावी असा प्रघात आहे. त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या न्याहारीचा इतिहास आम्ही एका प्रश्नासाठी पाहणार आहोत. ज्याचे मीठ खाल्ले, त्या यजमानाला पाहुण्याने काय ऐकवावे?

आरंभ करावा लागतो तो गोदीच्या धक्क्यावरून. 1934 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गोदी कामगारांचा मोठा संप झाला. 9 मे रोजी तो सुरू झाला आणि 83 दिवस चालला. मजुरी आणि कामाचे तास यांची मागणी होतीच. परंतु मुख्य दुखणे भरतीचे होते. रोज पहाटे धक्क्यावर माणसांचा घोळका उभा राहावयाचा आणि मुकादम बोट दाखवील त्यालाच काम मिळावयाचे. ज्याच्यावर मर्जी नाही, तो रिकाम्या हाताने घरी. मुंबईच्या गिरण्यांच्या दारात जॉबरपुढे उभ्या राहिलेल्या पिढीला हे चित्र समजावून देण्याची गरज नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलात मुंबईतही गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला होता.

5 जुलैला सान फ्रान्सिस्कोत पोलिसांच्या गोळ्यांनी दोघे ठार झाले. त्यानंतर त्या शहराने चार दिवस सार्वत्रिक संप पाळला. ऑक्टोबरात लवादाचा निवाडा झाला. तासाला 95 सेंट मजुरी, सहा तासांचा दिवस, आणि भरतीचे कार्यालय मालक व संघटना यांनी मिळून चालवावे, पण कामाची पाळी लावणारा माणूस संघटनेने निवडावा, असे ठरले. मुकादमाचे बोट खाली आले. अमेरिकेच्या कामगार इतिहासात या निवाड्याचे मोल फार मोठे आहे. आपल्याकडे गोदी कामगारांच्या भरतीचे नियमन करणारा कायदा यावयास 1948 साल उजाडले.

वॉशिंग्टन राज्यातले सिएटल बंदर या संपात सापडले होते. तेथे अब्राहम व्हेराइड नावाचे मेथडिस्ट धर्मोपदेशक राहत. नॉर्वेत जन्मलेला हा मनुष्य तरुणपणी अमेरिकेत आला होता. बेकारांना व निराधारांना जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीवर काम देणारी गुडविल इंडस्ट्रीज ही संस्था सिएटलमध्ये उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. म्हणजे गरिबाचे दुःख त्यांना दिसत नव्हते, असे कोणी म्हणू नये. पण संपाने हादरलेल्या शहरावर त्यांना उपाय सुचला तो असा की, वरच्या माणसांची मने पालटली म्हणजे शहर आपोआप सुधारेल. 1935 च्या एप्रिलात त्यांनी 19 व्यापारी-कारखानदारांना न्याहारीला जमवले. प्रार्थनेच्या न्याहारीचा उगम तो हाच.

या मंडळींच्या गोतावळ्यात एक कथा मोठ्या प्रेमाने सांगितली जाई. एक कामगार पुढारी न्याहारीला आला, ऐकता ऐकता विरघळला, उपस्थितांची त्याने क्षमा मागितली, आणि एका कारखानदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कथा हृद्य आहे. वैर मिटावे असे कोणास वाटणार नाही? तरी आमच्या धंद्यातल्या माणसाला यात एक गोष्ट खटकते. क्षमा मागितली ती पाहुण्याने. भरतीचा घोळका, उपाशी घरे आणि झाडलेल्या गोळ्या यांचा हिशेब त्या पंगतीत कोणी काढल्याचे ही कथा सांगत नाही. यजमानाने वाढावयाचे आणि पाहुण्याने वाकावयाचे, एवढाच जर रिवाज असेल तर तो सलोखा एकाच बाजूच्या पाठीवर उभा राहतो.

पुढे ही न्याहारी वाढत गेली. याच वर्तुळात वावरलेले आर्थर लँगली 1938 साली सिएटलचे नगराध्यक्ष आणि 1941 साली राज्याचे गव्हर्नर झाले. व्हेराइड यांनी 1942 साली आपला मुक्काम राजधानीत हलवला, आणि लोकप्रतिनिधींचे न्याहारी गट तेथे जमू लागले. 1953 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः आले. हॉटेलमालक कॉनराड हिल्टन यांनी त्या कार्यक्रमाचा भार उचलला. 1970 पासून तिला राष्ट्रीय प्रार्थना न्याहारी असे नाव मिळाले. एकोणीस पाने मांडून आरंभ झालेल्या या पंगतीत पुढे तीन हजारांवर पाहुणे बसू लागले, आणि मुख्य पाहुण्याचे भाषण ही एक राष्ट्रीय घटना होऊन बसली.

आता त्या पाहुण्यांकडे पाहा. 1 फेब्रुवारी 1973 रोजी ओरेगनचे सिनेटर मार्क हॅटफील्ड उभे राहिले. व्हिएतनामविषयीचा पॅरिस करार होऊन पाच दिवस झाले होते, आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन समोर बसले होते. हॅटफील्ड त्यांच्याच पक्षाचे. तरीही, सत्तेला आशीर्वाद देणाऱ्या देवाची पूजा करू नका, व्हिएतनाम युद्धाचे पाप राष्ट्राच्या माथी आहे आणि त्याबद्दल पश्चात्ताप केला पाहिजे, अशा अर्थाचे बोल त्यांनी तेथे ऐकवले. 1994 साली कलकत्त्याहून गेलेल्या मदर तेरेसा यांनी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यासमोर गर्भपाताचा निषेध केला. त्यांचे मत सर्वांना पटेल असे नाही. पण यजमानाचे तोंड पाहून त्या बोलल्या नाहीत. 2006 साली आयर्लंडचा गायक बोनो आला. जगातील गरिबांसाठी संघराज्याच्या अंदाजपत्रकातील आणखी एक टक्का द्या, असे त्याने मागितले. आणि हा दानाचा प्रश्न नसून न्यायाचा आहे, असे बजावले.

दान आणि न्याय यांतले हे अंतरच 1935 च्या त्या टेबलावर कोणी मोजले नव्हते. सत्तर वर्षांनी एका गवयाने ते मोजून दाखवले, हे त्या परंपरेच्या जमेला धरावे लागेल. श्रद्धेत ती ताकद असते. मात्र आमंत्रण देणारा कोण आणि खर्च कोणाचा, हे प्रश्न सुटले नाहीत. वर्षानुवर्षे ते विचारले गेले, आणि 2023 साली लोकप्रतिनिधींनी आपली न्याहारी जुन्या यजमान संस्थेपासून वेगळी काढून संसदेच्या आवारात लहान प्रमाणावर भरवली.

श्रोतेहो, न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली, ती उघड्या सभेची. तिच्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक व्याख्यानमालेने वर्षाकाठी आपली वक्त्यांची यादी या कसोटीवर लावून पाहावी. ज्याचे बोलणे आपल्याला बोचेल, असा एक तरी पाहुणा तीत आहे काय? आणि ज्याच्याविषयी आपण इतके बोलतो, त्या हमालाला, सफाई कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला आपण बोलावयास उभे केले आहे काय? लवादापुढे उभे राहून सिएटलच्या गोदी कामगाराने आपली पाळी लावण्याचा हक्क मिळवला. न्याहारीच्या टेबलावर तो कोणी वाढला नव्हता.