सिल्व्हर फर्न्सना घडवणारे पुरुष

न्यूझीलंडमध्ये नेटबॉल म्हणजे बायकांचा खेळ. १९७० पर्यंत त्याचं नावच 'विमेन्स बास्केटबॉल' होतं. मी साताऱ्याकडची, खो-खोवर वाढलेली. लग्नानंतर ऑकलंडला आले आणि लेकीच्या निमित्ताने कोर्टावर जाता जाता अंपायर झाले. कप्तान बाई, कोच बाई, शिट्टी बाईच्या तोंडात आणि सामना टीव्हीवर, हे मी इथेच पाहिलं. या खेळात दाराबाहेर ताटकळावं लागलं ते पुरुषांना.

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पुरुषांच्या स्पर्धांनी मूळ धरलं. पुढे दोन्ही देशांचे राष्ट्रीय संघ एकमेकांशी भिडत राहिले. प्रेक्षक मोजके, कॅमेरे नाहीत. देशाची जर्सी घालायची तर प्रवासखर्च बहुतेकदा स्वतःच करायचा. नोकरी सांभाळून ही पोरं कशासाठी खेळत होती, हे त्यांचा सराव पाहिला की कळतं. चेंडू हातात आला की तीन सेकंदांत सोडायचा, समोरच्यापासून तीन फूट लांब राहायचं. त्यात त्यांची उंची आणि उडी अशी, की डोक्यावरून दिलेला पास सहज अडतो.

नेमकं हेच सिल्व्हर फर्न्सना, म्हणजे इथल्या महिला राष्ट्रीय संघाला हवं होतं. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्या मलावीकडून हरल्या आणि पदकाविना परतल्या. देश हळहळला. मग नोएलिन तौरुआ कोच झाल्या. २०१९ च्या विश्वचषकाआधी फर्न्स आपल्याच देशाच्या पुरुष संघाशी खेळल्या, तेही टीव्हीवर. पुरुषांच्या लांब हातांवरून गोल करायची सवय झाली, की दुसऱ्या कुठल्या बचावाची भीती उरत नाही. लिव्हरपूलच्या अंतिम सामन्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाला ५२-५१ असं हरवलं. एका गोलाचा फरक! विजय फर्न्सचाच, पण त्यात या पोरांचा घाम आहे असं मी ठामपणे म्हणते.

२०२२ मध्ये क्राइस्टचर्चला झालेल्या फास्ट-फाइव्ह, म्हणजे पाच-पाच खेळाडूंच्या छोट्या नेटबॉलच्या मालिकेत महिलांसोबत पुरुषांचेही सामने झाले. काही मैत्रिणींना धास्ती वाटते, की पैसा आणि कॅमेरे आता तिकडे वळतील. ती धास्ती खोटी नाही. बायकांच्या वाट्यातलं काही काढून पुरुषांना देऊ नये, पण त्यांचा प्रवासखर्च तरी इथल्या नेटबॉल संघटनेने उचलावा. आणि फर्न्सच्या सामन्याआधी पुरुषांचा सामना असेल, तर तुम्ही लवकर जाऊन बसा.