वऱ्हाडातील उपवास : वेळेकडून पदार्थाकडे

अकोल्याच्या जठारपेठेसारख्या वस्तीत मधुमेहासाठी ठरावीक तास उपाशी राहण्याची पद्धत नवी म्हणून सांगितली जात असली, तरी चातुर्मासाच्या व्रतांत तिचे बहुतेक प्रकार पूर्वीपासून आढळतात. दिवसातून एकदाच जेवण्याचे एकभुक्त, दिवसभर न खाता रात्री जेवण्याचे नक्त आणि एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी भोजन असे धारणे-पारणे, या तिन्हींत मुख्य बंधन वेळेचे होते. हेतू अर्थातच पुण्याचा होता, उपचाराचा नव्हे.

हे बंधन वेळेवरून पदार्थावर सरकले, आणि या बदलात साबुदाण्याचा वाटा मोठा आहे. साबुदाणा पूर्वी मलायातून येई. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबल्यावर तमिळनाडूतील सेलम येथे कसाव्याच्या कंदापासून तो करण्याचा उद्योग वाढला. ज्या कसाव्याचे, बटाट्याचे आणि शेंगदाण्याचे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे, ते तिन्ही उपवासाच्या ताटात सोवळे ठरले. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असून त्यात तंतू व प्रथिने नगण्य असल्याने, साबुदाण्याची उसळ खाणाऱ्या मधुमेही माणसाच्या रक्तातील साखर त्या दिवशी उलट वेगाने चढते. एरवीच्या जेवणातही ज्वारीची भाकरी आणि कण्या मागे पडून गहू पुढे आला, तर शेतांत ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. ताटातून ज्वारी जाण्याची ही हानी उसळीहूनही मोठी मानावी लागेल, कारण ती रोजची आहे.

उपाशी राहणे उपचार म्हणूनही वापरले गेले आहे. इन्सुलिनचा, म्हणजे साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाचा, उपचार 1922 साली सुरू होण्यापूर्वी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन हे मधुमेहींना कठोर उपासमारीवर ठेवत, आणि त्यात आयुष्य थोडे वाढले तरी रुग्ण हाडांचे सापळे होत. विदर्भातील डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवलेला विचार याहून सौम्य आहे: प्रत्येक खाण्यासरशी इन्सुलिन स्रवते, म्हणून कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत जेवावे. एकभुक्ताच्या तर्काशी त्याचे नाते उघड आहे, मात्र मधल्या काळात उपवासाचे म्हणून काही चालत नाही.

तथापि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण टाळून औषध तेवढेच ठेवल्यास साखर धोकादायकरीत्या खाली येते. त्यामुळे श्रावणी सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वर मंदिराकडे चालत येणाऱ्या अशा कावडधाऱ्याने औषधाची मात्रा आधीच डॉक्टरांकडून बदलून घेणे आवश्यक ठरते.