सुरतेचे मेहताजी आणि त्यांचे सोबती

सुरतेहून कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या पूर्वेस, पर्वत पाटिया नावाची दाट वस्ती आहे. नाव ऐकून डोंगराची कल्पना करणाऱ्याची निराशाच व्हावयाची, कारण तापीकाठच्या त्या सपाट प्रदेशात नजर अडावी असे टेकाडही नाही. पर्वत हे मूळ गावाचे नाव. मोठ्या रस्त्यावर जेथे गावाच्या नावाची पाटी उभी असते, गाडी थांबते आणि गावाकडे जाणारी वाट फुटते, त्या जागेला गुजरातीत पाटिया म्हणतात. मराठी माणसाने त्यालाच फाटा म्हटले असते. आता गाव आणि फाटा दोन्ही शहराच्या पोटात गेली आहेत. मात्र पाटीवरून वस्तीला नाव मिळावे, ही गोष्ट शाळेच्या इतिहासाचा विचार करणाऱ्याला गंमतीची वाटल्यावाचून राहत नाही.

शहराच्या ह्या अंगाला, लिंबायत, उधना, डिंडोली ह्या भागांत, खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. 1900 च्या सुमारास पुरा झालेला तापी खोऱ्यातील लोहमार्ग त्यांना जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून उधन्यापर्यंत आणून सोडतो. पुढे माग आणि कापडाचा धंदा त्यांना ठेवून घेतो. त्यांच्या मुलांसाठी सुरतेच्या महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत. ही पालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात भाषांतून प्राथमिक शिक्षण देत आली आहे. हिंदुस्थानातील फार थोड्या नगरांनी असे ओझे उचलले असेल. ह्या ओझ्याचा खरा भार मात्र वर्गातील शिक्षकाच्या खांद्यावर पडतो. समोरचे मूल घरी अहिराणी बोलते, पुस्तक मराठी वाचते, गल्लीत गुजराती आणि हिंदीत खेळते. त्याचा बाप मागावर पाळी करून येतो तेव्हा शाळा सुटलेली असते. अशा वर्गातील शिक्षक आपल्या कामात उमेदीने उभा राहावयाचा, तर त्याला कोणाचा तरी आधार हवा. तो कोठून यावा, ह्या प्रश्नाला सुरतेच्याच इतिहासात एक जुने उत्तर आहे. आणि त्या उत्तरात एक मराठी माणूसही आहे.

ही हकीकत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. सुरतेचे वैभव तेव्हा ओसरले होते. परदेशचा व्यापार मुंबईने ओढून नेला होता. 1837 साली लागलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. ज्या नगरीत एके काळी जगभरची जहाजे लागत, तिच्या गल्ल्यांत आता मंत्रतंत्र, भुतेखेते आणि जातीचे तंटे ह्यांचे राज्य होते. शिक्षण म्हणावयाचे तर ते गावठी शाळांचे. कोणाच्या तरी ओसरीवर किंवा ओटल्यावर मुले बसत, पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवीत, पाढे घोकीत. शिकविणाऱ्याला आपल्याकडे पंतोजी म्हणत, तिकडे मेहताजी. मुलांच्या घरून येणारा शिधा आणि सणावाराला पडणारा एखादा पैसा, हीच त्याची प्राप्ती. त्याच्या विद्येची मर्यादा ठरलेली, प्रतिष्ठेचीही ठरलेली. छडीचा दरारा हा त्याचा एकमेव अधिकार. आणि ज्याला दुसरा अधिकारच नाही, तो छडी सोडील तरी कशी?

मुंबईच्या हैंदशाळा व पुस्तक मंडळीने ह्या स्थितीत पहिला पालट घडविला. एल्फिन्स्टनसाहेबांच्या आश्रयाखाली 1822 पासून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ह्या मंडळीचे चिटणीस जॉर्ज जर्व्हिस होते. मराठीत आणि गुजरातीत गणिताची व इतर पुस्तके तयार करवून घ्यावयाची, काही तरुणांना मुंबईत ठेवून ती शिकवावयाची आणि मग त्यांना गावोगाव शिक्षक म्हणून धाडावयाचे, असा हा बेत होता. गुजराती बाजू भडोचचे रणछोडदास गिरधरभाई सांभाळीत. 1826 साली गुजरातेत ह्या पद्धतीच्या 10 शाळा निघाल्या. मुंबईत शिकून मेहताजी होऊन आलेल्या ह्या पहिल्या पिढीत सुरतेचा एक सतरा वर्षांचा नागर ब्राह्मण होता. त्याचे नाव दुर्गाराम मंछाराम. पुढे लोक त्याला दुर्गाराम मेहताजी म्हणूनच ओळखू लागले. पेशाचे नाव माणसाला असे कायमचे चिकटणे ही त्या काळी थट्टेची गोष्ट ठरू शकली असती. दुर्गारामांनी तिला मानाची करून ठेवली.

सरकारी पगार, छापील पुस्तक आणि मुंबईचे शिक्षण ह्या तिन्ही गोष्टी हाती असूनही नवा मेहताजी एकटाच होता, हे विसरून चालणार नाही. जुन्या पंतोजीला निदान गावाची संवय होती. तो गावातलाच एक होता. नव्याला गावाने ओळखलेले नव्हते. तो पृथ्वी गोल आहे म्हणून सांगे, ग्रहणाचे कारण सांगे, आणि मूल घरी जाऊन तेच सांगू लागले की बाप रागावे. शिक्षकाने शाळेत जे सांगितले ते घराने दारातच परतवून लावावे, असा हा झगडा. दुर्गारामांनी एकट्याने तो कित्येक वर्षे चालविला. पाटीवरची विद्या गल्लीत टिकावी असे वाटत असेल तर गल्लीशीही बोलले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पण एकट्याच्या बोलण्याला किती जोर असणार?

अशा वेळी सुरतेला दादोबा पांडुरंग तर्खडकर आले. 1842 च्या सुमारास तेथे सरकारी इंग्रजी शाळा सुरू झाली होती आणि दादोबा तिच्यात शिक्षक होते. महाराष्ट्र भाषेचे व्याकरण लिहून 1836 सालीच त्यांनी नाव मिळविले होते. मुंबईत जन्मलेला हा वैश्य गृहस्थ आणि सुरतेचा नागर ब्राह्मण मेहताजी ह्यांची जात वेगळी, मातृभाषा वेगळी, शाळाही वेगळ्या. सरकारी पायरीने पाहिले तर इंग्रजी शाळेचा शिक्षक हा देशी भाषेच्या मेहताजीहून वरचढ. ही पायरी दादोबांनी मानली नाही, ह्यात त्यांचा मोठेपणा आहे. इंग्रजी शिकविणाऱ्याने देशी भाषा शिकविणाऱ्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न पुढे शंभर-दीडशे वर्षे आपल्या शाळांना छळीत राहिला आहे. सुरतेत तो मैत्रीने सुटला होता.

पहिले काम पुस्तकांचे झाले. 1842 साली पुस्तकप्रसारक मंडळी निघाली आणि तिने शिळाप्रेस मिळविला. त्या वेळी गुजरातीत छापलेली पुस्तके बोटांवर मोजण्यासारखी होती. ज्या शिक्षकापाशी शाळेच्या क्रमिक पुस्तकाबाहेर वाचावयास काही नसते, तो चार-पाच वर्षांत त्याच पुस्तकाएवढा होऊन बसतो. शिक्षकाला मदत म्हणजे आधी शिक्षकाला वाचन, हे ह्या मंडळींना कोणी शिकवावे लागले नाही.

त्यानंतर 1844 साली मानवधर्म सभा स्थापन झाली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम मास्तर आणि दामोदरदास हे तिचे पाच आधारस्तंभ. प्रत्येकाच्या नावाचे आद्याक्षर द, म्हणून सुरतेच्या लोकांनी त्यांना पाच दद्दे ठरवून टाकले. (ह्यांतील दलपतराम म्हणजे गुजरातीचे प्रसिद्ध कवी दलपतराम नव्हेत, हे सांगून ठेवलेले बरे.) ईश्वर एक, मनुष्यजात एक, आणि माणसाची योग्यता जन्माने न ठरता गुणाने ठरावयाची, अशी ह्या सभेची मते होती. बैठक रविवारी भरे आणि ती उघडी असे. मंत्राने भूत उतरविणाऱ्यांना, जादूटोणा करणाऱ्यांना दुर्गाराम चारचौघांत आव्हान देत, की तुमची विद्या येथे करून दाखवा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिठाच्या करवाढीवरून सुरतेत मोठी दंगल उसळली. शहर किती अस्वस्थ होते ह्याची त्यावरून कल्पना यावी. तशा शहरात भर सभेत मांत्रिकाशी वाद घालणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात जाऊन मुलांना बेरीज शिकवी. त्याची छाती कशाने टिकली असेल? रविवारी बाजूला बसलेले चार सोबती, हेच त्याचे उत्तर.

मानवधर्म सभेला धर्मसुधारणेच्या इतिहासात स्थान मिळाले आहे, आणि ते योग्यच आहे. पण तिच्याकडे शाळेच्या बाजूने फारसे कोणी पाहिलेले नाही. तिचे प्रमुख चालक शिक्षक होते. आठवडाभर वर्गात जे अडले, खटकले, अपुरे राहिले, ते बोलण्याचे ठिकाण त्यांना ह्या सभेच्या रूपाने मिळाले. शिवाय दुर्गारामांनी सभेच्या कामकाजाची आणि आपल्या विचारांची दैनंदिनी ठेवली. गुजराती भाषेतील ती आरंभीची दैनंदिनी मानली जाते. आपण काय केले आणि कोठे चुकलो हे शिक्षकाने रोज लिहून ठेवणे, ही आजही दुर्मीळ अशीच गोष्ट आहे.

दुर्गाराम निर्दोष होते असे नव्हे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या ह्या पुरुषाने, स्वतःची पहिली पत्नी निवर्तल्यावर, जातीच्या रीतीप्रमाणे कुमारिकेशीच विवाह केला. लोकांनी त्यांना ह्याबद्दल क्षमा केली नाही. सुधारकाने दुबळेपणा दाखविला हे खरेच. तथापि जात, घर आणि नोकरी ह्या तिहींच्या दडपणाखाली शिक्षक किती एकटा असतो, हेही त्यावरून दिसते.

ही सोबत टिकली किती? दादोबा 1846 साली मुंबईस गेले. तेथे एल्फिन्स्टन विद्यालयात देशी भाषांच्या शिक्षकांसाठी नॉर्मल क्लास काढलेला होता आणि त्याचे प्रमुख बाळशास्त्री जांभेकर होते. त्या वर्षी मे महिन्यात बाळशास्त्री अकाली वारले, आणि त्यांची जागा दादोबांनी घेतली. सुरतेत एका मेहताजीला दिलेली सोबत आता ते अनेक होतकरू शिक्षकांना देऊ लागले. इकडे सभेचे चाक मंदावले. 1852 साली दुर्गारामांना काठेवाडातील शाळांच्या देखरेखीसाठी राजकोटला धाडण्यात आले आणि मानवधर्म सभा संपली. सरकारच्या दृष्टीने ती बढती होती. सुरतेच्या शाळेच्या दृष्टीने ती काय होती, हे विचारण्याची रीत तेव्हा नव्हती. आजही बदलीचे हुकूम काढताना ती फारशी पाळली जात नाही. दोन-चार माणसांच्या जिवावर उभा राहिलेला आधार ती माणसे हलताच कोसळला, कारण त्याला खाली पाया घातलेला नव्हता.

दुर्गारामांच्या शाळेत बसलेली मुले मात्र शहरात होतीच. त्यांतला एक नर्मदाशंकर, म्हणजे कवी नर्मद. तोही पुढे शिक्षक झाला, पण 1858 साली नोकरी सोडून लेखणीच्या आश्रयाला गेला. गुजराती साहित्याने त्यात मिळविले ते अपार आहे. शाळेने एक तेजस्वी शिक्षक गमावला, ही नोंद मात्र कोणी घेत नाही.

दुसरे महिपतराम रूपराम नीलकंठ. सुरतेतच 1829 साली जन्मलेल्या ह्या गृहस्थाने वेगळा मार्ग धरला. शिक्षक तयार करण्याच्या पद्धती पाहण्यासाठी ते 1860 साली इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडल्याबद्दल नागर जातीने त्यांना वाळीत टाकले आणि त्याचा ताप त्यांनी व त्यांच्या कुटुंबाने दीर्घकाळ सोसला. परत आल्यावर अहमदाबादच्या ट्रेनिंग कॉलेजचे ते प्रमुख झाले, आणि शिक्षकांसाठी निघणारे 'गुजरात शाळापत्र' त्यांनी अनेक वर्षे चालविले. खेड्यातल्या एकट्या मेहताजीच्या हाती दरमहा एक अंक पडावा, त्यात त्याच्या धंद्याविषयी काही असावे, एवढीच ती सोय. सुरतेच्या रविवारच्या बैठकीला आता टपालाचे रूप आले होते. मराठीतही 1861 सालापासून 'शाळापत्रक' निघत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची लेखणी त्यात चालू लागली आणि 1875 साली ते बंद झाले.

जोतीराव फुले ह्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हा त्यांनी हाच विषय पोटापासून मांडला. खेड्यातील शिक्षक शिकलेला असावा, नांगराला किंवा सुताराच्या हत्याराला हात लावण्यास न लाजणारा असावा, लोकांत मिसळणारा असावा, आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असे त्यांचे म्हणणे. सुरतेच्या मंडळींनी सोबत आणि वाचन दिले होते; पोटाचा प्रश्न त्यांनी उच्चारला नव्हता. अर्धपोटी माणसाला रविवारच्या सभेचा उत्साह किती दिवस पुरणार, हे फुल्यांना ठाऊक होते.

पर्वत पाटियाच्या परिसरातील शाळांत आजही सकाळच्या आणि दुपारच्या पाळीची मुले फाटकापाशी एकमेकांना ओलांडून जातात. तेथील शिक्षकांना प्रशिक्षण मिळते, पगार सरकारी दराने मिळतो, पुस्तकांचा तुटवडा नाही. मराठी शाळेचा शिक्षक आणि शेजारच्या गुजराती किंवा उडिया शाळेचा शिक्षक एकाच पालिकेचे नोकर असतात. त्यांची बैठक भरते ती बहुधा परिपत्रक ऐकण्यासाठी.

दुर्गाराम मेहताजी 1876 साली वारले. त्यानंतर तीन वर्षांनी, 1879 साली, महिपतरामांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. शिक्षकांना शिकविणाऱ्या विद्यालयाचा प्रमुख आपल्या शहराच्या एका जुन्या मेहताजीचे चरित्र लिहीत होता, आणि त्यासाठी त्याच्यापुढे उघडलेली होती ती मेहताजींनीच रविवारच्या बैठकींनंतर लिहून ठेवलेली वही.