नगरच्या छावणीतील परकीयांची विहारस्थळे

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. १८३१ पासून अमेरिकन मिशनही होते. या परकीयांच्या नित्यजीवनाचा विचार बहुधा कवायत, कचेरी व प्रार्थनामंदिर यांपुरताच होतो. सुटीच्या दिवशी ते कोठे जात, हे क्वचितच विचारले जाते. वस्तुतः तो प्रश्न गौण नव्हे. शहराच्या पूर्वेस शहाडोंगरावर मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे. तेथील हवा थंड. म्हणून ब्रिटिश अमदानीत गोऱ्या सैनिकांचे आरोग्यस्थान या कबरीतच झाले. योग चमत्कारिक खराच! उत्तरेकडील डोंगरगणची दरी ही वनभोजनाची जागा. तिला ते ‘हॅपी व्हॅली’ म्हणत. त्याच दरीत रामेश्वराचे देवस्थान आहे. म्हणजे साहेबांची सहल आणि भाविकांचे दर्शन ही एकाच वाटेवरची. पुढे नावांची गती मात्र भिन्न झाली. डोंगरगणास इंग्रजी नाव चिकटून राहिले. शहाडोंगरावर आरोग्यस्थानाची आठवण उरली नाही, आणि सलाबतखानाचे नावही लोकांच्या तोंडी राहिले नाही. चांदबीबीची ती कबर नव्हे. तरी नगरकर तिला चांदबीबीचा महाल म्हणतात.