आरव्हीतली डोकेदुखी: पित्त की विषारी वायू?

अमेरिकेत मुलांकडे गेलात की मेअखेरच्या मेमोरियल डेच्या जोडसुट्टीत आरव्हीने कॅम्पग्राउंडला जाणे होते. तिथे डोके दुखले, मळमळले की आपण पित्ताची गोळी घेऊन झोपतो. नेमके हेच धोक्याचे. जनरेटर चालू असताना एकाच वेळी दोघा-तिघांना असा त्रास झाला, तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावू शकतो. सगळ्यांना लगेच बाहेर काढा, 911 ला फोन करा. मोकळ्या हवेत बरे वाटले तरी परत आत जाऊ नका. निघण्यापूर्वी डिटेक्टरचे बटण दाबून तो वाजतो का पाहा. शेजारच्या गाडीच्या जनरेटरचा धूरही खिडकीतून आत येतो. आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत आणू नका, विझत आलेलीसुद्धा.